एमडी सायकिॲट्रीनंतर पुढे कुठे शिकावं?

वैनगंगा

नमस्कार. मी विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात सायकिॲट्रीच्या, म्हणजे मानसोपचाराच्या, एमडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या कामाचे, ३ महिने गेल्या आठवड्यात संपले, थीसिसचे निम्मे पेशंट झालेत आणि घरी फोन केला की आता एकच विषय निघतो. बाबांचं म्हणणं, बॉन्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपव आणि तालुक्याला दवाखाना टाक. बॅचमधले दोघे प्लॅबचा, म्हणजे इंग्लंडमध्ये डॉक्टरी करण्यासाठीच्या परीक्षेचा, अभ्यास करताहेत. एकीला डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची पदवी, करून लहान मुलांमध्ये काम करायचंय.

पगार आणि व्हिसा यांबद्दल मला विचारायचं नाहीये, ते सांगणारे पुष्कळ आहेत. माझा प्रश्न एका पेशंटमुळे पडलाय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

पावसाळ्यात तिशीतली एक बाई सासूबरोबर ओपीडीत आली. मंगळवार होता, आमच्या युनिटचा दिवस, टेबलावर केसपेपरचा ढीग. तक्रार एवढीच, की ‘अंगात येतं’. मी झोप विचारली, भूक विचारली, भास, मरणाचे विचार, सगळं विचारलं. मुलं किती? ‘एक.’ एक लिहिलं. निदान लिहिलं, गोळ्या दिल्या, १५ दिवसांनी बोलावलं. सगळं मिळून ७ मिनिटं लागली असतील.

ती महिन्याने आली. ओपीडी संपत आली होती, मागे रांग नव्हती, म्हणून सासू बोलत बसली. बाईचा धाकटा मुलगा, दीड वर्षाचा, आदल्या पोळ्याच्या सुमारास तापाने गेला होता. अंगात यायला लागलं ते त्यानंतर. मी ‘किती मुलं’ विचारलं होतं. ‘आणखी होतं का’ हे नव्हतं विचारलं.

सरांना सांगितलं. ते शिकवण्यात हात आखडता घेणारे नाहीत, पण त्यांच्यापुढेही ५० माणसं उभी होती. ‘पुढच्या वेळी विचार’ म्हणाले. मग माझ्या लक्षात आलं, दीड वर्षात माझी एकही मुलाखत सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणी ऐकलेली नाही. केस प्रेझेंटेशन होतं, पण तिथे मी पेशंटबद्दल काय सांगते ते ऐकतात. मी त्याला काय आणि कसं विचारलं, ते कुणी पाहिलेलं नसतं.

म्हणून बाहेर किंवा इथेच पुढचं ट्रेनिंग घेतलेल्यांना विचारते: तिथे तुम्हाला पेशंटशी बोलायला कोणी शिकवलं, ते कसं? आणि त्यासाठी आयुष्यातली आणखी ५-६ वर्षं द्यावीत का?

कृष्णाकाठ

वैनगंगा, तू माझ्या धाकट्या बहिणीहूनही लहान असशील, म्हणून एकेरीत लिहितोय.

मी पश्चिम महाराष्ट्रात एमडी केलं आणि २०१४ मध्ये इंग्लंडला आलो. हातात एमडी असून कोअर ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही, ‘पुन्हा पहिलीत कशाला बसलास’ म्हणायची. आता यॉर्कशरमध्ये वृद्धांचा मानसोपचार करतो.

रचना आधी सांगून टाकतो. इथे पदवीनंतर २ वर्षं फाउंडेशन, मग ३ वर्षं कोअर, मग ३ वर्षं हायर. कोअरमध्ये साधारण दर ६ महिन्यांनी जागा बदलते. त्याच काळात एमआरसीसाइक ही परीक्षा: पेपर ए, पेपर बी आणि कास्क, म्हणजे पेशंटशी बोलण्याचं प्रात्यक्षिक. हायरला गेल्यावर ६ शाखांतली निवड: प्रौढ, वृद्ध, मुलं, फॉरेन्सिक (गुन्ह्यांशी संबंधित), बौद्धिक अक्षमता किंवा मेडिकल सायकोथेरपी. म्हणजे आपल्याकडे एमडीला ३ वर्षांत जे उरकतं त्याला इथे कोअर आणि हायर धरून ६ वर्षं लागतात. पेशंटच्या संख्येने मोजलंस तर आपला दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट इथल्या सहाव्या वर्षाच्या माणसाहून जास्त पेशंट पाहून झालेला असतो. मॅनिया (उन्माद), कॅटाटोनिया (ताठरून गप्प होणं) मी जेवढा तिथे पाहिला, त्याच्या निम्मासुद्धा इथे पाहिला नाही. ती शिदोरी कमी समजू नकोस.

आता तुझा प्रश्न. आठवड्यातून १ तास सुपरव्हिजन, म्हणजे कन्सल्टंटशी, वरिष्ठ तज्ज्ञाशी, आपल्या कामाबद्दल बोलणं, एकट्याने, दार बंद करून. हे नियमातच आहे. त्याशिवाय कुणीतरी प्रत्यक्ष बसून तुमची मुलाखत पाहायची आणि पोर्टफोलिओत नोंदवायची.

माझ्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. (मीही तपशील बदललेत.) निवृत्त बसड्रायव्हर, बायको जाऊन ४ महिने झालेले. कन्सल्टंट बाई खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या. तो सांगत होता की तिच्या घरात घालायच्या सपाता अजून जिन्याखाली तशाच आहेत, उचलवत नाहीत. मी मान हलवली आणि विचारलं, ‘तुम्हाला आवाज वगैरे ऐकू येतात का?’ तो ‘नाही’ म्हणाला, आणि त्यानंतर सगळ्याच प्रश्नांना हो किंवा नाही एवढंच म्हणत राहिला. पेशंट गेल्यावर बाईंनी विचारलं, ‘सपातांवरून तू आवाजांकडे कसा गेलास?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं: ओपीडीत दीडशेव्या पेशंटला ज्या क्रमाने विचारायची सवय लागली होती, त्या क्रमात पुढचा प्रश्न तोच होता. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांना पुन्हा बोलव आणि सपातांपासून सुरू कर, म्हणाल्या. दुसऱ्या भेटीत कळलं, की रात्री जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून तो बायकोच्या उरलेल्या गोळ्या मोजत असे.

एमडीच्या परीक्षेत मला मेडल होतं. आत्महत्येच्या जोखमीचे सगळे मुद्दे तोंडपाठ होते आणि पहिल्या भेटीत मी ते सगळे विचारलेही होते.

दुसरी गोष्ट बॅलिंट ग्रुप. मायकेल बॅलिंट मूळचे हंगेरीचे, मनोविश्लेषक. १९५० च्या दशकात त्यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांसाठी असे गट चालवले. आम्ही ८-१० ट्रेनी गोल बसायचो. एकाने पेशंटबद्दल सांगायचं, केसपेपर न बघता. मग खुर्ची मागे ओढून गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं, निदानाबद्दल नाही, तर तो पेशंट आणि तो डॉक्टर यांच्यात काय चाललंय याबद्दल. एका बाईंबद्दल मी सांगितलं, तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘तू त्यांच्याबद्दल फार भराभर बोललास.’ त्या बाईंची अपॉइंटमेंट मी दर वेळी जेवणाच्या सुट्टीआधी ठेवत होतो, म्हणजे लवकर संपेल. हे मला तोवर दिसलं नव्हतं.

तिसरी गोष्ट सायकोथेरपी, म्हणजे बोलण्यातून केलेले उपचार. कोअरमध्ये एक छोटी आणि एक लांब केस स्वतः करावीच लागते. माझी लांबची वर्षभर चालली, आठवड्याला १ सेशन. दर सेशननंतर आठवेल तसं लिहायचं, त्याने काय म्हटलं, मी काय म्हटलं, मग गप्प कोण झालं. तो कागद घेऊन सुपरव्हायझरकडे. माझ्या एमडीत सायकोथेरपी थिअरीच्या पेपरात होती. माझ्या वेळचं सांगतोय, तुमच्याकडे आता बदललं असेल तर मला आनंदच आहे.

कास्कमध्ये १६ स्टेशन्स असतात आणि पेशंट म्हणून नट बसतात. मी पहिल्यांदा नापास झालो. अडलं ते भाषेवर. मराठीत कुणी ‘जीव घाबरा होतो’ किंवा ‘कशात मन लागत नाही’ म्हणालं, की त्या शब्दांमागचं घर, शेत, सासर मला दिसतं. इकडचा म्हातारा ‘जरा कंटाळलोय’ अशा अर्थाचं काही पुटपुटतो, आणि त्यात किती खोल दुःख आहे हे कानाला कळायला मला २ वर्षं लागली. परदेशात सर्जन झालेल्या माझ्या मित्राला हे सोसावं लागलं नाही. आपलं हत्यारच भाषा आहे.

आणि गमावलं काय, तेही लिहितो. आपल्या वॉर्डात आई मुलाच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपायची, सकाळी राउंडला तीच रात्रीची हकिकत सांगायची. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबूत राहायला बोलावून उपचारात घेतलं होतं, आपल्याकडचं ते शहाणपण जुनं आहे. इथे वडिलांबद्दल मुलीशी बोलायचं तर आधी वडिलांची संमती. ते योग्यच आहे, मला तत्त्व पटतं. पण तुझ्या त्या बाईंची सासू इथे कदाचित खोलीत आलीच नसती, आणि ती गोष्ट तुला कधीच कळली नसती.

व्यवहाराचं एक सांगतो. कोअर ट्रेनिंगसाठी अर्जांची गर्दी अलीकडे फार वाढलीय आणि जुलै २०२५ मध्ये आलेल्या इंग्लंडच्या १० वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ब्रिटिश पदवीधरांना प्राधान्य देण्याचं सरकारने लिहिलेलं आहे. माझ्या वेळचा रस्ता आज तसाच मोकळा आहे असं समजून नोकरी सोडू नकोस.

निलगिरी

मी मेलबर्नला. इथे रॉयल ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्सचं ट्रेनिंग किमान ५ वर्षांचं: पहिला टप्पा १२ महिने, पुढचे दोन प्रत्येकी २४. मधल्या टप्प्यात ६ महिने मुलांचा विभाग आणि ६ महिने जनरल हॉस्पिटलमधल्या इतर वॉर्डांतले पेशंट सक्तीचे.

कृष्णाकाठ यांनी लिहिलंय तसं सुपरव्हिजन इथेही आहे, आठवड्याला किमान ४ तास, त्यातला १ एकटीचा. लांबच्या थेरपी केसला किमान ४० सेशन्स लागतात आणि मग ती सविस्तर लिहून द्यायची. माझी पेशंट २७ सेशन्सनंतर यायची बंद झाली. पुन्हा नवा पेशंट, पुन्हा पहिल्यापासून. सुपरव्हायझर म्हणाली, ही २७ सेशन्स फुकट गेलेली नाहीत, त्या का आल्या नाहीत यावरच ३ आठवडे बोलू. बोललो. मी आईपणाच्या रजेवर जाणार हे त्यांना सांगायचं मी पुढे ढकलत होते, आणि माझं पोट दिसायला लागलं होतं.

अजून एक. दुसऱ्या वर्षी मला शहरापासून ५ तासांवर पाठवलं होतं. तिथे पहिल्या राष्ट्रांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या समाजातली आरोग्यसेविका माझ्याबरोबर असायची. मृत नातेवाईक दिसणं, त्यांचा आवाज ऐकू येणं, याला त्या घरात काय अर्थ आहे हे आधी तिच्याकडून समजून घ्यायचं आणि मगच आपली व्याख्या लावायची. वैनगंगा, ‘अंगात येतं’ हे ऐकणाऱ्या मुलीला हे परकं वाटणार नाही. मला मात्र ते परदेशात जाऊन कुणी शिकवावं लागलं, याचं वाईट वाटतं.

मुळामुठा

जर्मनीबद्दल थोडक्यात. इथे स्पेशालिस्टच्या पदवीच्या नावातच मानसोपचाराबरोबर सायकोथेरपी आहे. ५ वर्षं, त्यातलं १ न्यूरोलॉजीत. केंद्रीय प्रवेशपरीक्षा नाही, हॉस्पिटलला स्वतः अर्ज करून असिस्टंट डॉक्टरची नोकरी मिळवायची. त्याआधी वैद्यकीय जर्मनची परीक्षा आणि परवाना.

जे मला मोलाचं वाटलं ते म्हणजे ‘झेल्ब्स्टएरफारुंग’. ट्रेनीने स्वतः समोरच्या खुर्चीत बसायचं, स्वतःबद्दल बोलायचं, ठरावीक तास. माझा भाऊ मी बारावीत असताना गेला. ते मी पुण्यात एमबीबीएसला, इंटर्नशिपला, कुठेच कुणाशी बोललो नव्हतो. इथे ते तुटक्या जर्मनमध्ये पहिल्यांदा बोललो. त्यानंतर मुलं गमावलेल्या आयांसमोर मी विषय बदलणं थांबवलं. आधी बदलत होतो, हे तेव्हाच समजलं.

भाषेबद्दल कृष्णाकाठ म्हणतात ते इथे दुपटीने लागू आहे. ३ वर्षं तरी मनाची तयारी ठेवा.

माणदेश

वर सगळ्यांनी मनापासून लिहिलंय. मी मात्र कुठेच गेलो नाही. एमडी, बॉन्ड, आणि मग ११ वर्षं जिल्हा रुग्णालयात.

वैनगंगाताई, राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. २०१९ च्या सुमाराचा एक अंदाज असा, की देशात लाख माणसांमागे सुमारे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ होते. आमच्या जिल्ह्यात सरकारी म्हणून मी एकटा. म्हणून तुम्ही थांबा, असं म्हणत नाही. तो भार तुमच्या डोक्यावर टाकणं बरोबर नाही. डीएमही पर्याय आहे: बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत मुलांचा आणि व्यसनांचा अभ्यास ३ वर्षांचा आहे, लखनौच्या केजीएमयू या वैद्यकीय विद्यापीठात वृद्धांचा. मुलांकडे खरोखर ओढ असेल तर बंगळुरूचा विचार आधी करा.

पण वरचं वाचून असं वाटायला नको, की ऐकायला शिकायचं तर विमानातच बसावं लागतं. मीही तुमच्यासारखाच चुकलो होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याला मी ‘झोप नीट लागते’ एवढ्यावर औषध कमी करून दिलं. त्याने ५ दिवसांनी विषारी औषध घेतलं. वाचला. त्याची बायको नंतर म्हणाली, ‘साहेब, ते तुमच्यासमोर बरंच सांगतात. आशाताईला विचारा.’ तेव्हापासून जिथे पेशंटची हरकत नसेल तिथे मी आशाताईला फोन करतो. प्रेरणा या शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी प्रकल्पात गावोगावच्या आशा स्वयंसेविका घरोघरी जातात, त्यांना कुणाच्या घरात चूल कधीपासून उशिरा पेटते हे माहीत असतं.

त्याच वर्षी मी शेजारच्या जिल्ह्यांतल्या ४ जणांना फोन केले. तेव्हापासून गुरुवारी रात्री साडेनऊला आम्ही ५ जण बसतो, आता व्हिडिओ कॉलवर. एक केस, १ तास. औषधांची चर्चा शेवटच्या १० मिनिटांत. पेशंटची लेखी परवानगी असेल तर मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकतो, ओळखीचे तपशील काढून. पहिल्यांदा माझा स्वतःचा आवाज ऐकला तेव्हा मला कळलं, की मी पेशंटला वाक्य पुरं करू देत नाही. १० वर्षं माझ्या बायकोने हेच सांगितलं होतं. आमच्यातल्या एक मॅडम निमहान्सला शिकलेल्या आहेत, त्यांनी आम्हाला शिस्त लावली. बाकी सगळं एकमेकांकडून.

वैनगंगा

सगळ्यांचे आभार. कृष्णाकाठ दादा, तुमची सपातांची गोष्ट मी हॉस्टेलमध्ये तिघींना वाचून दाखवली. मुळामुठा, तुम्ही लिहिलेलं मी एकटीने वाचलं.

दोन प्रश्न राहिलेत. पूर्ण ६ वर्षं न देता थोड्या काळासाठी जाऊन सुपरव्हिजन घेऊन परत येता येतं का? आणि माणदेश सर, मी अजून रेसिडेंट आहे, तुमच्या गुरुवारसारखं काही कॉलेजात सुरू करायचं तर कुठून करू? ओपीडी तर तेवढीच राहणार.

कृष्णाकाठ

येतं. इंग्लंडमध्ये मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह म्हणून योजना आहे, जास्तीत जास्त २ वर्षांची, मग मायदेशी परत. मानसोपचारासाठी ती रॉयल कॉलेज ऑफ सायकिॲट्रिस्ट्समार्फत चालते आणि त्यात प्लॅब द्यावी लागत नाही, इंग्रजीची परीक्षा मात्र लागते. एमडी झाल्यावर बघ. श्रीलंकेत तर तज्ज्ञ म्हणून नेमणूक होण्याआधी १ वर्ष परदेशात काम करून यावंच लागतं. तिकडून आलेले सहकारी माझ्याबरोबर होते, वर्षभराने परत गेले. जाताना त्यातल्या एकीने आमच्या बॅलिंट ग्रुपच्या वेळापत्रकाचा फोटो काढून नेला.

जाशील तेव्हा मुलाखतीत पगाराआधी विचार: माझी मुलाखत कोण बघेल, आणि आठवड्यातल्या कोणत्या वारी.

माणदेश

ताई, अख्खी ओपीडी बदलू नका. आठवड्याला एकच नवा पेशंट ठरवा, दुपारी ओपीडी संपल्यावरचा, ४५ मिनिटांचा. पेशंटला विचारून ज्युनियरला कोपऱ्यात बसवा. तिने काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं, तुम्ही काय विचारलं आणि त्यावर समोरच्याने काय केलं. पुढच्या आठवड्यात ती विचारेल, तुम्ही लिहा. महिन्याने ते कागद घेऊन सरांकडे जा. ५० पेशंट समोर असताना नाही, संध्याकाळी. चहा घेऊन.

आणि या गुरुवारी साडेनऊला आमच्याकडे या. लिंक व्यक्तिगत संदेशात पाठवतो. केस तुम्हीच आणा, त्या बाईंचीच. नाव-गाव काढून.

वैनगंगा

येते. त्या १८ तारखेला फॉलोअपला आहेत. मुलाचं नाव काय होतं, ते विचारायचं ठरवलंय.